सोसायटीचं नाक

घरात खत करणाऱ्यांकडे आलेले पाहुणे चपला काढण्याआधी दारातच एक खोल श्वास घेतात. जिने चढून दमले असतील असं आपल्याला वाटतं. तसं नसतं, ती तपासणी असते. मग ते आत येतात, पाणी पितात, पंख्याखाली बसतात, मुलांची चौकशी करतात आणि अखेर न राहवून म्हणतात, "अगं, तुझ्याकडे वास कसा येत नाही?" या प्रश्नात कौतुक कमी आणि हिरमोड जास्त असतो. तिच्याकडे कचरा साठवतात असं चार जणांना सांगून ते निघालेले असतात. आता परत जाऊन सांगायचं काय? काहीजण तरीही धीर सोडत नाहीत. "आत्ता नसेल येत. पावसाळ्यात येत असेल," असं म्हणून पोह्यांची बशी उचलतात.

खरं म्हणजे आमच्या इमारतीत वासांची टंचाई नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराला जिन्याने वर यावं. पहिल्या मजल्यावर सुकट भाजायला घेतलेली असते. दुसऱ्यावर लोणी कढतंय आणि कढवणारी फोनवर आहे, त्यामुळे बेरी खाली लागली आहे. तिसऱ्यावर धूप, तोही असा की आरती चालू असताना देवाला ठसका लागावा. ज्यांना जिना नको त्यांनी लिफ्ट घ्यावी. कॉलेजातल्या मुलांनी फवारलेला डिओ मुलं उतरून गेल्यावरही गच्चीपर्यंत सोबत करतो. पार्किंगमध्ये ड्रेनेजचं चेंबर आहे, त्याचं झाकण मागच्या गणपतीपासून नीट बसलेलं नाही. यांपैकी कशाबद्दलही कमिटीकडे कधी तक्रार गेलेली नाही. तक्रार जाते ती आमच्या ड्राय बाल्कनीत एकावर एक ठेवलेल्या तीन मातीच्या माठांबद्दल. चेंबर तुंबलं तरी पहिला फोन मला येतो. एकदा खाली कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटमध्ये उंदीर मरून पडला होता. गाडी गॅरेजात जाऊन उंदीर सापडेपर्यंत सेक्रेटरी रोज सकाळी विचारत होते, "मॅडम, तुमच्या त्या खतात काही... नॉनव्हेज वगैरे?" उंदीर सापडल्याचं मात्र मला कुणी कळवलं नाही. ते मला गाड्या धुणाऱ्या मुलाकडून कळलं.

वास नाकाला येतो असं शाळेत शिकवतात. सोसायटीत राहिलं की कळतं, तो आधी डोळ्यांना येतो. माठ दिसला की वास आलाच. माझी एक मैत्रीण यात हुशार निघाली. तिने खताचे डबे बाल्कनीच्या कोपऱ्यात सरकवले आणि पुढे मोगऱ्याच्या कुंड्यांची भिंत उभी केली. तिच्याकडे आजतागायत कुणाला वास आलेला नाही. उलट तिच्या खाली राहणाऱ्या काकू जिन्यात भेटल्या की मोगऱ्याच्या घमघमाटाचं कौतुक करतात, डिसेंबरातसुद्धा, जेव्हा त्या कुंड्यांत नुसत्या काड्या असतात.

खत करणाऱ्याचं स्वतःचं नाक तर साक्षीला चालतच नाही. कुठल्याही वासात काही मिनिटं काढली की नाक त्याची दखल घ्यायचं सोडून देतं. म्हणून अशा प्रत्येक घरात एक तटस्थ नाक लागतं. आमच्या ह्यांचं नाक उपयोगाचं नाही. "मला काही वास येत नाही," असं ते छातीठोकपणे सांगतात, पण त्यांना सायनस आहे. शेगडीवर दूध जळून कोळसा झालं तरी त्यांना काही येत नाही. आमच्याकडचं तटस्थ नाक सासूबाईंचं. देवघरात बसून, माळ न थांबवता त्या सांगतात, "काल फ्लॉवरचे दांडे गेलेत आत." कोबी, फ्लॉवर, कांदा, लसूण यांच्यात गंधक असतं आणि ते कुजताना लपून राहत नाही, हे खरंच आहे. पण सासूबाईंना गंधकाची गरज नाही. दांडे कुणी टाकले हेही त्या वासावरून सांगतात.

नाकांच्या या इतिहासात २०२१ चा उन्हाळा वेगळा. वास येईनासा झाला की लोकांचं धाबं दणाणत होतं ते दिवस. समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ एका सकाळी मास्क लावून दाराच्या चार हात लांब उभे राहिले. "वहिनी, तुमच्या त्या माठाचं झाकण जरा काढता का?" घरातली कॉफी, हिंग, अत्तर, हळदीच्या डब्यासकट सगळं हुंगून झालं होतं, पण मन खात्री देईना. त्यांना हमखास वास हवा होता. मी झाकण काढलं आणि लांब झाले. त्यांनी मास्क खाली करून जोरात श्वास घेतला आणि चेहरा पांढराफटक पडला. "काहीच येत नाहीये!" मी म्हटलं, "अहो भाऊ, नाहीच येत त्याला." पण त्यांची पंचाईत वेगळीच होती. खताविरुद्ध लेखी तक्रार करणारे तेच. माठाला वास नाही म्हणावं तर तक्रार खोटी ठरते, आहे म्हणावं तर कोरोना. त्यांनी कोरोना पत्करला. आरटीपीसीआरचा रिपोर्ट येईपर्यंत बेडरूममध्ये कोंडून घेऊन बसले. रिपोर्ट निगेटिव्ह आला. तक्रार अजून मागे घेतलेली नाही.

आता वासाबद्दल खरं काय ते सांगते, कारण घरच्या खताला कधीच वास येत नाही असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. येतो. पण तो सांगून येतो, आणि काय बिघडलं तेही सांगतो.

ढिगात राबणाऱ्या जिवाणूंत दोन तट आहेत. एकाला हवा लागते. ती मिळाली की ही मंडळी देठं, सालं, चहाचा चोथा खाऊन मागे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊब एवढंच ठेवतात. यातल्या कशालाच वास नाही. हवा संपली की दुसरा तट सत्तेवर येतो. तेही खातात, पण मागे हायड्रोजन सल्फाइड, ब्युटिरिक आम्ल आणि गंधकाची इतर पिल्लावळ सोडून जातात. पहिलं म्हणजे सडकं अंडं. दुसरं म्हणजे खवट लोणी, आणि अगदी स्पष्ट बोलायचं तर ओकारी. हायड्रोजन सल्फाइड हवेच्या अब्ज भागांत मोजके भाग असला तरी माणसाच्या नाकाला कळतो, त्यामुळे सेक्रेटरींना तो कळतो यात त्यांचा विशेष पराक्रम नाही. भाज्यांच्या कचऱ्यात ऐंशी-नव्वद टक्के पाणीच असतं. नुसतीच सालं टाकत गेलं की खालचा थर स्वतःच्याच पाण्यात बसतो, फटी बुजतात, हवेची वाट बंद होते आणि सत्तापालट होतो.

नाकात झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास आला तर तो अमोनियाचा. जिवाणूंना कार्बन आणि नत्र साधारण तिसास एक या प्रमाणात लागतात. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात हे प्रमाण पंधरास एकच्या आसपास असतं, वाळक्या पाल्यात पन्नासास एकच्या पुढे. नत्र वरचढ झालं की जिवाणूंना ते पेलत नाही, मग ते अमोनिया होऊन उडून जातं. म्हणजे नाकाला त्रास तर होतोच, शिवाय ज्या नत्रासाठी खत करायचं तेच वरच्या मजल्यावर पोचतं. तिसरा वास आंबट. शिळा भात, पाव, पिकलेली फळं एकदम पडली की येतो. हा निरुपद्रवी, हवा दिली की दोन-चार दिवसांत जातो. गणपतीत आलेल्या पाहुण्यांपेक्षा लवकरच.

तिन्हींवर इलाज एकच आहे: वाळका पाला घाला आणि ढीग वरखाली करा. पाला जास्तीचं पाणी शोषतो, फटी धरून ठेवतो आणि कार्बनची भरती करतो. इतका साधा आणि फुकटचा इलाज असल्यामुळे कुणाचा त्याच्यावर विश्वास बसत नाही.

विश्वास बसतो तो व्हॉट्सॲप ग्रुपवर. माठात कापूर ठेवा. कडुलिंब घाला. दालचिनीची पूड भुरभुरा. ही सूचना करणाऱ्यांनी दालचिनीचा भाव अलीकडे विचारलेला नसावा. एका काकांनी चुना सुचवला. अमोनियाच्या वासावर चुना घातला की तो दबण्याऐवजी उसळून वर येतो, हे त्यांनी स्वतःच्या बाल्कनीत सिद्ध करून दाखवलं. तळमजल्यावरच्या वहिनींनी फिनेल ओतलं. फिनेल जंतू मारायलाच केलेलं असतं, ते भलेबुरे पाहत नाही. सडणं थांबलं नाही, आणि पुढचे काही दिवस त्यांच्याकडून येणारा वास सडक्या कोबीचा अधिक फिनेलचा असा दुहेरी होता. "निदान स्वच्छ वाटतं," असं त्यांचं म्हणणं.

ताकाचा सल्ला आमच्या घरचाच, सासूबाईंचा. पाणी घालून थोडं आंबट ताक शिंपडलं तर ते चालतं, त्यातले जिवाणू कामाचे असतात. पण थोडं म्हणजे किती यावर आमच्यात एकमत नाही. फ्रिजमधलं आठवड्याचं ताक, बिघडलेलं विरजण, फसफसून भांड्याबाहेर आलेलं डोशाचं पीठ, जे टाकायला मन होत नाही ते सगळं माठाच्या हवाली होतं. आमच्या पिढीला अन्न टाकणं पाप वाटतं. माठात घातलं की ते टाकणं धरत नाहीत. खत करू लागल्यापासून घरात अन्न वाया जाण्याचं प्रमाण वाढलं आहे आणि त्याबद्दल कुणालाच अपराधी वाटत नाही, हा या छंदाचा दुष्परिणाम कुठल्याच पुस्तकात लिहिलेला नाही.

शिवाय बाजारात कल्चर नावाची पूड मिळते. ती वाईट नसते, पण मूठभर जुनं खत किंवा थोडं शेण तेच काम करतं. शेणही आता ऑनलाइन मिळतं. गोवऱ्या तर पॅकिंगमध्ये, फोटोसकट. त्याखाली ग्राहकांनी चांदण्याही दिलेल्या असतात.

यात नवं काही नाही. इंदूरच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री'त अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात खताची जी रीत बसवली, ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. १९३१ साली तिच्यावर पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्डसाहेबांच्या शेजारी यशवंत वाड यांचं नाव आहे. जगाने नेहमीप्रमाणे साहेबांचं तेवढं लक्षात ठेवलं. शेतातला वाळका काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ढीग तीनदा पालटायचा, की तीन महिन्यांत खत. घाण सुटली किंवा माश्या धरू लागल्या तर हवा कमी पडते आहे असं समजून ढीग ताबडतोब पालटावा, हे हॉवर्डनी लिहून ठेवलं आहे. त्यात फिनेल नाही, दालचिनी नाही, ग्रुप ॲडमिन नाही. आपल्या म्हणीतल्या उकिरड्याची दैना फिटायला बारा वर्षं लागतात. इंदूरला ती तिमाहीत फिटत होती.

त्या काडीकचऱ्याकडे मात्र आमच्या सोसायटीचं बघणं वेगळं आहे. आवारात रेन ट्री आहेत, एक बदाम आहे, एक पिंपळ पंपाच्या खोलीच्या भिंतीतून आपणहून आलेला आहे. थंडी सरत आली की यांची पानं गळायला लागतात. तक्रारवहीत एका सभासदाने लिहिलं आहे, "झाडांची पानं पडतात." त्यापुढे शेरा आहे, "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल." झाडांवर काय कार्यवाही झाली ते कळलं नाही. पाला पूर्वी कोपऱ्यात जाळत. २०१६ च्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळणाऱ्याला २५ हजार रुपये दंड ठरवला, तेव्हापासून पहाटे अंधारात जाळतात. त्या धुराने कुणाचं नाक वाकडं होत नाही. शेकोटी असेल म्हणतात आणि कूस बदलतात. उरलेला पाला पोत्यांत भरून टेम्पोने बाहेर जातो, टेम्पोवाल्याला पैसे देऊन.

मग जून येतो. घरोघरच्या खतांना पाणी सुटतं, ग्रुपवर वासाची चर्चा पेटते आणि सर्वानुमते कोकोपीट मागवलं जातं. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. तो दाबून केलेल्या विटा तमिळनाडूतल्या पोल्लाचीकडून येतात. म्हणजे दारात पडलेला पाला आम्ही पैसे मोजून बाहेर पाठवतो आणि पोल्लाचीच्या नारळाचा भुसा पैसे मोजून आत आणतो. दोन्ही पावत्या एकाच फाइलीत लावलेल्या आहेत. ऑडिटरने आजवर हरकत घेतलेली नाही.

पुण्यात याचं भान असलेली माणसं आहेत. 'ब्राऊन लीफ' नावाचा उपक्रम ज्यांच्याकडे पाला जास्त आहे आणि ज्यांना तो हवा आहे त्यांची गाठ घालून देतो. पत्रिका बघत नाहीत, पाल्यात प्लॅस्टिक नाही ना एवढंच बघतात. आमच्या वार्षिक सभेत मी हा विषय मांडला. आपला पाला दुसऱ्याला फुकट का द्यायचा, यावर चर्चा रंगली. तोपर्यंत त्याला आपला पाला असं कुणी म्हटलेलं नव्हतं.

आंब्याचे दिवस हा या सगळ्याचा कळस. आमरसाचं जेवण होतं, माणसं तृप्त होऊन आडवी होतात आणि स्वयंपाकघरात साली-कोयींची रास पडते. कलिंगड त्याच सुमाराला. कुणी कोकणातून फणस आणलेला असतो, त्याची काटेरी सालं आहेतच. साल दोन दिवसांत चिखल होते. कोय काही कुजत नाही. उलट एखादे दिवशी झाकण उघडावं तर तिला तांबूस कोंब आलेला असतो, आणि तो उपटून फेकायचा धीर मराठी माणसाला होत नाही. शहरात आंब्याच्या रोपांचं काय करायचं हा प्रश्न घेऊन फिरणारी निम्मी माणसं घरी खत करणारी असतात.

याच दिवसांत अळ्या होतात. आमच्या कामाच्या मावशींनी माठ उघडला आणि शांतपणे सांगितलं, "ताई, शेवया चालायला लागल्या." या अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या. दिसायला किळसवाण्या, कामाला वाघ. सडायला आलेला माल त्या सडायच्या आत फस्त करतात, त्यामुळे माठात त्या असल्या की वास कमी होतो. मोठी झालेली माशी चावत नाही, आपल्या ताटावर घोंघावत नाही, थोडे दिवस जगून अंडी घालते आणि मरते. सोसायटीत इतका निरुपद्रवी सभासद दुसरा नाही. अडचण एकच. अळीची वाढ पूर्ण झाली की ती कोरडी जागा शोधत बाहेर पडते, आणि आमच्या मजल्यावरची सगळ्यात कोरडी जागा म्हणजे समोरच्या दारातलं पायपुसणं. भाऊ कागदावर एक अळी घेऊन आले. "वहिनी, ही तुमची का?" मी त्यांना सगळं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कागद माझ्या हातात दिला आणि घरी जाऊन मीठ टाकून हात धुतले.

आता सोसायटीच्या स्वतःच्या खताबद्दल. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या संकुलांना आपला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. पुणे महापालिका गांडूळखत, सौर ऊर्जा, पर्जन्यजल संधारण यांतलं एक केलं तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन केली तर १० टक्के सूट देते. त्यामुळे मागच्या भिंतीला लागून आमचाही गांडूळखत प्रकल्प आहे. त्यावर तशी पाटी आहे आणि पाटीवर हसणारं हिरवं गांडूळ रंगवलेलं आहे. आत उरलेल्या फरश्या, मांडवाचे बांबू आणि कुठल्याशा वर्षीचं थर्माकोलचं मखर आहे. या प्रकल्पाला अजिबात वास येत नाही. आसपासच्या सोसायट्या तो बघायला येतात आणि सेक्रेटरी त्यांना अभिमानाने सांगतात, की व्यवस्थापन नीट असलं की वास येत नाही. सांगताना त्यांची नजर वर आमच्या ड्राय बाल्कनीकडे जाते.

ज्यांना माझ्या माठाचा त्रास होतो त्यांचा ओला कचरा कुठे असतो? काळ्या पिशवीत. तिला गच्च गाठ मारलेली असते, रात्रभर दाराबाहेर असते, रविवारी तर दोन रात्री. हवा अजिबात नाही, पाणी भरपूर, पाल्याचं एक पान नाही. वर सांगितलेला दुसरा तट ज्या परिस्थितीची स्वप्नं बघतो, ती हीच. इमारतीतला सगळ्यात घाणेरडा खताचा ढीग म्हणजे ही गाठ मारलेली पिशवी, आणि तो रोज प्रत्येक दारात असतो. सकाळी 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या ताई येतात. कचरावेचकांच्या 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती'तून, म्हणजे १९९३ पासूनच्या संघटनेतून, ही संस्था उभी राहिली. त्या ताई गाठ सोडतात आणि पिशवीतलं हाताने वेगळं करतात, कारण आत डायपर, बॅटऱ्या, फुटकी बरणी यांतलं काहीही असू शकतं. त्या वासाबद्दलची त्यांची तक्रार कुठल्याही वहीत नाही. माझी बादली त्या उचलतात तेव्हा म्हणतात, "तुमच्यात काही वजनच नसतंय." आमच्या खताला मिळालेलं एवढंच प्रशस्तिपत्रक.

पिशव्या गाडीत पडतात, गाडी वळणावर दिसेनाशी होते आणि वास संपला असं आपण धरतो. एकेकाळी पुण्याचा कचरा डेपो कोथरूडला होता. कोथरूड वाढलं, कोथरूडकरांना नाकं फुटली, आणि कचरा शहराच्या दुसऱ्या टोकाला उरुळी देवाची-फुरसुंगीला गेला. तिथल्या लोकांनी पाण्यासाठी आणि श्वासासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोचे डबे उभे राहतात. मुंबईचा देवनार डेपो तर १९२७ पासून आहे. २०१६ च्या जानेवारीत त्याला लागलेल्या आगीचा धूर लांबून दिसत होता, तेव्हा मुंबईला एकदम कळलं की आपल्याला देवनार आहे. गोवंडीला हे रोजच कळत होतं.

तयार खताला मात्र वास असतो आणि तो मुद्दाम घ्यावा असा असतो. तो पहिल्या पावसाचा. दोन्हींच्या मागे जिओस्मिन हे एकच द्रव्य आहे, मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू ते तयार करतात. लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी माणसाचं नाक त्याला ओळखतं. सडक्या अंड्यापेक्षाही आपण या वासाला जास्त तयार आहोत. कनौजला याच मातीच्या वासाचं अत्तर करतात आणि ते काही स्वस्त नसतं. माठातलं चाळलेलं खत मी एकदा सासूबाईंच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "झालं. आता परत ताक घालू नकोस यात." ताक कोण घालतं यावर मी बोलले नाही.

तेव्हा घरी खत करायचं मनात असेल तर माठ, कल्चर, दालचिनी यांच्या आधी पाल्याची सोय करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्या गेटाशी पोती भरून टेम्पोची वाट बघत असतील, त्यांतली दोन-तीन मागून घ्या. कुणी नाही म्हणणार नाही, फार तर वेड्यात काढतील. रेन ट्रीचा पाला बारीक असतो, तो सगळ्यात चांगला. बदामाचा आणि आंब्याचा जाड असतो, तो चुरून घ्या. निलगिरीचा नको. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक ओंजळीवर पाल्याच्या दोन ओंजळी घाला आणि आठवड्यातून दोनदा काठी तळापर्यंत घालून वरखाली करा. मूठभर काढून दाबलं आणि एखादा थेंब सुटला तर ठीक आहे; धार लागली तर अजून पाला. आणि पोती गच्चीत उघड्यावर ठेवू नका, जिन्याखाली किंवा पत्र्याखाली ठेवा. भिजलेला पाला जुलैमध्ये काहीही शोषत नाही.